कुंपणातले जुने रूळ खरंच १८५३ चे का?

कोपरीकर
ठाणे पूर्वेला सोसायटीच्या कुंपणाला जुन्या रुळांचे खांब आहेत. एकावर उठावाची इंग्रजी अक्षरं: '...स्टील', मग '१८', पुढचे दोन आकडे गंजलेले, शेवटी 'जी.आय.पी.आर.' (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे). १८५३ च्या पहिल्या मुंबई-ठाणे गाडीची साहिब, सिंध, सुलतान ही इंजिनं ज्या व्हल्कन फाउंड्रीने ओतली तिचेच हे रूळ, असं इथे सगळे म्हणतात. खात्री कशी करायची? ग्राइंडर मारू का?

रूळवाला
ग्राइंडर अजिबात नको, गंजाबरोबर अक्षरंही जातील. रॉकेल लावून रात्रभर ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा, मग खडू आडवा धरून फिरवा. अंधारात टॉर्च रुळाला जवळजवळ चिकटवून बाजूने मारली की आकडे सावलीने उठतात. इंग्रजी ३ आणि ८ मध्ये हमखास गफलत होते. शेजारचे खांबही बघा, एकाच रुळाचे तुकडे असतील तर तोच मजकूर पुन्हा सापडेल. आत खोल ठोकलेला आकडा मात्र साल नव्हे, तो हीट नंबर, म्हणजे स्टीलच्या घाण्याचा क्रमांक.

'स्टील' वाचता येतंय तिथेच १८५३ बाद. स्वस्तात भरपूर स्टील बनवायची बेसेमरची पद्धत १८५६ ची, त्या मार्गाचे रूळ घडीव लोखंडाचे.

उंचीही मोजा. १४२.९ मिमी, तळ १३६.५ आणि डोकं ६६.७ भरलं तर तो '९० आर', म्हणजे यार्डाला ९० पौंड. ते सेक्शन (रुळाच्या छेदाचा आकार) विसाव्या शतकातलं, मग तुमचं '१८' चुकलंय.

ओतकाम
रूळ ओतत नाहीत हो, रोलिंग मिलमध्ये लाटतात. त्यावर नाव असतं ते मिलचं. ओतीव असते ती रुळाखालची चेअर, म्हणजे रूळ धरून ठेवणारी बैठक. फाउंड्रीचं नाव हवं तर ती शोधा आणि उलटून बघा.

व्हल्कन नावाला फाउंड्री, पण कारखाना इंजिनांचा. १८३० ला चार्ल्स टेलर आणि कंपनी, १८४७ पासून व्हल्कन फाउंड्री, १९५५ ला इंग्लिश इलेक्ट्रिककडे. तिन्ही नावांनी शोधा. इंजिनाचा माग काढायचा तर प्लेटवरचा वर्क्स नंबर, म्हणजे कारखान्याने दिलेला क्रमांक धरा. रेल्वेने दिलेला नंबर बदलतो, आणि बॉयलर तर या इंजिनाचा त्या इंजिनावर चढायचा, त्यामुळे त्याच्या प्लेटवर भिस्त नको.

कोपरीकर
कोपऱ्यातल्या एका तुकड्याला सपाट तळच नाही, वर-खाली सारखंच दिसतं. डबल-हेड?

रूळवाला
किंवा झिजलेला बुलहेड. त्याचं वरचं डोकं मुळात मोठं असतं, चाकांनी झिजून खालच्याएवढं होतं. दोन्ही डोक्यांची रुंदी आणि जाडी कॅलिपरने वेगवेगळी मोजा. शिवाय खालच्या डोक्यावर चेअरचे खळगे दिसतात का तेही बघा.