रत्नागिरीत राहून कामगार-अर्थकारणाची पत्रकारिता जमते का?

खाडीकाठचा: वय २६, बी.कॉम. दोन वर्षं एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या देतो. नेमणूकपत्र नाही, बातमीमागे पैसे, वर पुरवणीच्या जाहिराती आणायच्या. मला कामगार आणि अर्थकारण हाच विषय धरायचाय. संपादक म्हणतात, "इथे कुठले कामगार? मासे नि आंबे लिही." मुंबईला जाऊ?

पागोळी: मासेच लिहा की! मासा काय आपल्या पायांनी जेटीवर येतो?

मी ३१ वर्षं हेच केलं. वडील गिरणीत. १९८२ च्या संपात मनीऑर्डर थांबली आणि वाडीतल्या दुकानदाराने आमची उधारी बंद केली. अर्थशास्त्र तिथे शिकलो, पुस्तकं नंतर.

मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात जा, पण लिलावाला नको, तो सगळेच लिहितात. १ जूनची मासेमारीबंदी तोंडावर आली की हिशेब होतात, तेव्हा जा आणि वही मागा. आधी डिझेल, बर्फ, रेशन वजा. उरल्यातून मालकाचा नि खलाशांचा वाटा. त्यातून उचल कापायची. सुरुवातीला मी मालकाने तोंडी सांगितलेली कमाई छापली. दुसऱ्या दिवशी एक नेपाळी खलाशी कात्रण घेऊन हजर (देवनागरीच ना शेवटी, वाचलंन त्याने). वहीतलं त्याचं पान दाखवलंन. हंगाम संपला तरी तोच मालकाचं चार हजार देणं लागत होता. तेव्हापासून वही पाहिल्याशिवाय आकडा लिहिला नाही.

आता तुमचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू आहेत, नेमणूकपत्र त्यात बंधनकारक आहे. श्रमिक पत्रकारांचा १९५५ चा कायदाही त्यातच गेला. दुसऱ्यांच्या नेमणूकपत्राची बातमी करता करता आपलंही मागून बघा. देतील असं वाटत नाही. जाहिराती मात्र सोडा. ज्याची जाहिरात आणली त्याच्या गेटवर कामगारांशी बोलायला तोंड उरत नाही. मला हे चाळिशीत कळलं, तोवर कमिशनवर घराचे पत्रे झाले होते.

कणकवलीची: माजी आवस काजीच्या फॅक्टरीत जाता. किलोवर पैशे, तुकडो पडलो की कापतत. चिकान बोटा काळी झाली हत. पेपरवाले येतत ते काजीचो भाव इचारून जातत.

खाडीकाठचा: रविवारी येऊ का? वजनकाटा कुठे असतो, तेवढं आईंना विचारून ठेवा.

कणकवलीची: इचारूक कित्या व्हया? सुपरवायझराच्या टेबलार. आकडो तेच्याकडे फिरवलेलो.