वास्तुकलेच्या पहिल्या वर्षी हाताने ड्रॉइंग करण्याचा आग्रह कितपत योग्य आहे?

प्रश्न:
मी पहिल्या वर्षाला आहे. आमच्या स्टुडिओत वर्षभर सर्व ड्रॉइंग हातानेच करावी लागतात. परवा चार दिवस खपून केलेल्या शीटवर शेवटच्या रेघेला शाई पसरली आणि सगळे पुन्हा काढावे लागले. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, जी चूक एका क्लिकने मागे घेता येते, तिच्यासाठी इतका वेळ देण्यामागे नेमका कोणता हेतू असतो?

उत्तर १:
मी बरीच वर्षे हा विषय शिकवतो. हेतू एकच, मापाचे भान. पडद्यावर आपण सतत झूम करतो, त्यामुळे खोली आणि खिडकीची चौकट दोन्ही एकाच आकाराची दिसू लागतात. कागदावर मात्र प्रमाण ठरलेले असते. जिन्याचेच पाहा: मजल्याची उंची ३ मीटर आणि पायरीची उंची १५० मिलिमीटर धरली, तर २० चढ येतात. शेवटचा चढ थेट वरच्या मजल्यावर नेतो, म्हणून पाय ठेवायच्या पायऱ्या १९. पायरीची रुंदी ३०० मिलिमीटर असेल, तर या १९ पायऱ्यांच्या सरळ जिन्याला ५.७ मीटर लांबी लागते. १:५० प्रमाणात ती ११४ मिलिमीटर भरते, आणि ४ मीटरच्या खोलीत तो जिना मावत नाही, हे पेन्सिल भिंतीपाशी पोहोचताच हाताला कळते.

उत्तर २:
सरांशी सहमत आहे, पण शाईच्या शीटबद्दल नाही. विचार करण्यासाठी काढलेले स्केच आणि सादरीकरणासाठी गिरवलेली शीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे पहिलीचे श्रेय दुसरीला दिले जाते. १९९७ मध्ये खुले झालेले स्पेनमधील बिल्बाओचे गुगेनहाइम संग्रहालय वास्तुविशारद फ्रँक गेरी यांच्या मोकळ्या स्केचेसमधून आणि हाताने बनवलेल्या मॉडेल्समधून आकाराला आले. पुढे मूळच्या विमानबांधणीसाठी तयार झालेल्या कॅटिया या सॉफ्टवेअरमुळे ते वक्र पृष्ठभाग अचूक मापात बांधता आले. तिथे हात आणि संगणक एकमेकांच्या आड आले नाहीत. पहिल्याच सत्रात कॅड शिकवावे, त्याची प्रिंट काढून तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवावा आणि बदल पेन्सिलने करावेत. आमच्या कार्यालयात रोज हेच चालते.

उत्तर १ देणारे:
हे मान्य आहे. शाईचा हट्ट सोडता येईल. प्रिंट मात्र नेहमी ठरलेल्या प्रमाणातच काढावी, 'पानात बसेल तशी' नव्हे.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. माझ्या जिन्याची लांबी आत्ताच पट्टीने मोजली, ती ९६ मिलिमीटर आहे, म्हणजे तीन पायऱ्या कमी पडतात. शीट तशीही पुन्हा काढायचीच होती. आता आधी सेक्शन, म्हणजे जिन्याचा उभा छेद, काढते.