नेटफ्लिक्सची २०११ मधील दरवाढ: ग्राहक एवढे का खवळले?

प्रश्न: जुलै २०११ मध्ये नेटफ्लिक्सने अमेरिकेतील टपालाने भाड्याने मिळणाऱ्या डीव्हीडी व स्ट्रीमिंगची ९.९९ डॉलरची एकत्रित योजना मोडून प्रत्येकी ७.९९ डॉलर आकारायचे ठरवले. एवढा संताप कशामुळे उसळला?

उत्तर १: दोन्ही सेवा हव्या असणाऱ्यांचे मासिक बिल १५.९८ डॉलरवर, म्हणजे सुमारे ६० टक्क्यांनी वर गेले. शिवाय स्ट्रीमिंगवर नवे चित्रपट तुटपुंजे असल्यामुळे लाल पाकिटातून घरी येणारी डीव्हीडी सोडणेही अनेकांना परवडणारे नव्हते.

उत्तर २: मला रकमेपेक्षा वागणूक अधिक खटकते. सप्टेंबरमध्ये नेटफ्लिक्सचे तत्कालीन प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी दिलगिरी व्यक्त केली खरी, पण त्याच वेळी डीव्हीडी विभाग ‘क्विकस्टर’ या नावाने वेगळा काढण्याचे जाहीर करून ग्राहकांच्या जखमेवर मीठ चोळले.

उत्तर ३: क्विकस्टर ऑक्टोबरमध्ये गुंडाळले गेले, दरवाढ मात्र कायम राहिली. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत अमेरिकेतील सुमारे ८ लाख सदस्य घटले.