टॉर्क जास्त, तरी गाडी मागे का पडते?

प्रश्न: माझ्या रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 बाइकचा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) 27 न्यूटन-मीटर, मित्राच्या केटीएम ड्यूक 200 चा जेमतेम 19. तरी खंबाटकी घाटात तो पुढे निघून जातो. असं का?

उत्तर: चाकाला मिळतो तो गिअर आणि चेनमधून गुणून आलेला टॉर्क. तुमचा 27 येतो 4000 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), त्याचा 19 येतो 8000 ला. इंजिन दुप्पट फिरतं, म्हणून त्याच वेगाला तो खालच्या गिअरात राहतो, तिथे टॉर्क जास्त गुणला जातो आणि चाकापाशी तो तुमच्या पुढे जातो. त्यात तुमची गाडी 195 किलोची! माझ्या गाडीला मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दोन दात मोठं बसवलं, तर पहिल्याच चढाला ओढ जाणवली. टॉप स्पीड मात्र गेला.

प्रश्नकर्ता: पण डबलसीट असूनही माझी गिअर न पाडता चढते.

उत्तर: तीच तुमच्या 27 ची खरी कमाई, कमी आरपीएमवरची ओढ.