मदत हवी आहे: सेंट लुईस ब्राउन्सचे जुने खेळाडू ओळखायचे आहेत

नमस्कार मंडळी,

इथे बेसबॉल आवडीने बघणारं कोणी असेल तर मदत हवी आहे. प्रश्न आजच्या खेळाडूंचा नाही. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या आणि तेव्हाही फारशा न गाजलेल्या खेळाडूंचा आहे.

मी सेंट लुईसला राहतो. आमच्या शेजारचे आजोबा आता सीनियर होममध्ये असतात आणि रविवारी मी त्यांना भेटायला जातो. वय नव्वदीला टेकलंय. अख्खं गाव कार्डिनल्सचं, पण आजोबा ब्राउन्सचे. ब्राउन्स ही याच शहरातली दुसरी टीम. १९०२ पासून १९५३ पर्यंत इथे खेळली, मग बाल्टिमोरला गेली आणि ओरिओल्स झाली. स्पोर्ट्समन्स पार्क हे मैदान ब्राउन्सच्या मालकीचं होतं आणि कार्डिनल्स तिथले भाडेकरू, पण गर्दी व्हायची ती भाडेकरूंच्या सामन्यांना. १९३५ च्या पूर्ण हंगामात ब्राउन्सचे घरचे सामने बघायला मिळून ८०,९२२ माणसं आली होती. आज तेवढी दोन भरगच्च सामन्यांत येतात.

आजोबांच्या बरोबरीचे ब्राउन्सवाले आता त्यांच्या ओळखीत कोणी उरलेले नाहीत. ब्राउन्सचं नाव काढलं की लोक एकच गोष्ट सांगतात, एडी गेडेलची. १९ ऑगस्ट १९५१ ला मालक बिल व्हेकने ३ फूट ७ इंच उंचीच्या या माणसाला पाठीवर १/८ नंबर लावून बॅटिंगला पाठवलं आणि तो चार बॉलमध्ये वॉक (चार बॉल चुकीचे पडल्यावर बॅट न फिरवता मिळणारा पहिला बेस) घेऊन परत आला. मी हे मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो तर आजोबा नाराज झाले. "तो मालकाचा खेळ होता. खेळाडूंचं बोल," म्हणाले. ते मला पटलं. माझे बाबा पद्माकर शिवलकरांबद्दल बोलतात तेव्हा त्यांचाही सूर असाच असतो: ५८९ बळी घेणारा माणूस, आणि लोकांना आठवतं ते फक्त 'टेस्ट मिळाली नाही' एवढंच.

पुढच्या महिन्यात आजोबांचा वाढदिवस आहे. मोठ्या अक्षरांतला एक अल्बम करून द्यायचा विचार आहे, एका खेळाडूला एक पान. अडचण अशी की त्यांना प्रसंग लख्ख आठवतात, नावं निसटतात. मला अजून न लागलेले प्रसंग असे:

एक पिचर (बॅटरला बॉल टाकणारा) आठवडाभर कारखान्यात काम करायचा आणि रविवारी येऊन पिचिंग करायचा. वर्ल्ड सिरीजमधला (दोन मोठ्या लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) एक सामना त्यानेच जिंकून दिला म्हणतात. त्याच वर्षी शेवटच्या दिवशी "दुसऱ्या कारखानावाल्याने" होमरन (बॅटर सगळे बेस फिरून येतो असा फटका) मारून टीमला सिरीजमध्ये नेलं.

एका काळ्या खेळाडूने दुसऱ्याची बॅट घेऊन होमरन मारला आणि ज्याची बॅट होती त्याने ती सगळ्यांसमोर फोडून टाकली. हे सांगताना आजोबा अजूनही रागावतात.

आणि एक पिचर, ज्याने पहिल्याच सामन्यात समोरच्यांना एकही हिट (बॅटरला बेसवर पोचवणारा फटका) दिली नाही आणि दोन-तीन महिन्यांत दिसेनासा झाला.

पीट ग्रे हे नाव मात्र त्यांना पक्कं आठवतं. एका हाताचा आउटफील्डर (मैदानाच्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक), १९४५. त्याचं पान करावं की नाही, असा मला प्रश्न आहे. गेडेलसारखाच तोही मालकाचा खेळ होता का?

प्रतिसाद १

पहिला पिचर म्हणजे डेनी गेलहाउस. १९४४, युद्धाचा काळ. ओहायोतल्या अ‍ॅक्रनला गुडइयरच्या विमान कारखान्यात नोकरी. शनिवारी रात्री गाडीत बसायचा, रविवारी पिचिंग करायचा आणि परत कामावर. पुढे पेनंटची (लीगच्या विजेतेपदाची) चुरस वाढली तेव्हा नोकरी सोडून पूर्णवेळ आला. वर्ल्ड सिरीज कार्डिनल्सविरुद्धच होती, म्हणजे सगळे सामने एकाच मैदानात. पहिला सामना गेलहाउसने २-१ ने जिंकला. ब्राउन्सला त्या सामन्यात फक्त २ हिट मिळाल्या, त्यातली एक जॉर्ज मॅकक्विनचा होमरन. सिरीज मात्र कार्डिनल्सने सहा सामन्यांत घेतली.

दुसरा कारखानावाला चेट लाब्स. १ ऑक्टोबर १९४४, हंगामाचा शेवटचा दिवस, समोर यांकीज. लाब्सने दोन होमरन मारले आणि ब्राउन्स ५-२ ने जिंकले. तिकडे डेट्रॉइट हरलं आणि ५२ वर्षांतला एकमेव पेनंट ब्राउन्सला मिळाला. त्या दिवशीचा पिचर सिग जकुकी १९३६ नंतर मोठ्या लीगच्या बाहेरच होता. युद्धामुळे माणसं कमी पडली म्हणून त्याला परत बोलावलं, आणि त्याने तो पूर्ण सामना एकट्याने टाकला. त्याला पान द्याच.

प्रतिसाद २

बॅटवाला खेळाडू विलर्ड ब्राउन. जुलै १९४७ मध्ये ब्राउन्सने हँक थॉम्पसन आणि ब्राउन यांना दोन दिवसांच्या अंतराने खेळवलं. मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूंसाठी बंद असलेलं दार उघडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनला येऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. १३ ऑगस्टला ब्राउनने डेट्रॉइटच्या हॅल न्यूहाउझरविरुद्ध मैदानातल्या मैदानात धावून होमरन पूर्ण केला. अमेरिकन लीगमध्ये (दोन मोठ्या लीगपैकी ब्राउन्सची) काळ्या खेळाडूने मारलेला तो पहिला होमरन. बॅट सहकारी जेफ हीथची होती. ब्राउन परत येईपर्यंत हीथने ती फोडली होती.

लक्षात घ्या, याच मैदानात १९४४ पर्यंत काळ्या प्रेक्षकांना वेगळं बसवत होते. ब्राउनला २१ सामने दिले, .१७९ सरासरीवर (हजार प्रयत्नांत १७९ हिट या हिशोबाने) काढून टाकलं, आणि तो काळ्या खेळाडूंच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स टीमकडे परत गेला. २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं, पण ते बघायला तो हयात नव्हता. आजोबांचा राग योग्य आहे, आणि हे पान मऊ करून लिहू नका अशी माझी विनंती आहे.

प्रतिसाद ३

हिट न देणारा पिचर बोबो हॉलोमन. ६ मे १९५३, फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सविरुद्ध ६-०. तोवर तो सामन्यात मध्येच बदली म्हणून येत असे. मला सुरुवातीपासून टाकू द्या म्हणून मागे लागला होता. त्या सामन्यात त्याने स्वतः २ हिट मारल्या आणि ३ रन आणले, आणि त्याच्या आयुष्यातल्या तेवढ्याच दोन हिट. पुन्हा एकही सामना तो शेवटपर्यंत टाकू शकला नाही. जुलैत त्याला खालच्या लीगमधल्या टोरोंटो टीमला विकलं.

पीट ग्रेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पान करा. लहानपणीच उजवा हात गेला. डाव्या हातात ग्लोव्ह, बॉल पकडला की ग्लोव्ह उजव्या खांद्याखाली दाबायचा, बॉल छातीवरून घरंगळत हातात घ्यायचा आणि फेकायचा, सगळं क्षणात. १९४४ मध्ये खालच्या लीगमधल्या मेम्फिसकडून .३३३ सरासरी, ६८ बेस चोरले (फटक्याशिवाय धावून पुढचा बेस गाठला) आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ब्राउन्सने त्याला त्यावर घेतलं. मोठ्या लीगमध्ये ७७ सामन्यांत .२१८, कारण वळणारा बॉल आला की एका हाताने निघालेली बॅट थांबवता येत नाही आणि पिचर्सना ते लवकर कळलं. त्याच्यामुळे १९४५ चा पेनंट हुकला असं काही सहकारी म्हणत. गर्दी खेचायलाही त्याचा उपयोग झाला, हे खरं. पण मेम्फिसचे आकडे कोणी त्याला दान दिलेले नाहीत.

आणि नेड गार्व्हर विसरू नका. १९५१ ला ब्राउन्स १०२ सामने हरले आणि त्याच टीमकडून हा माणूस पिचर म्हणून २० जिंकला. त्यावर बॅटिंग सरासरी .३०५. गेडेलच्या वर्षातली खरी सांगण्यासारखी गोष्ट ही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. गेलहाउसचं नाव मी फोनवर घेतलं मात्र, आजोबांनी मॅकक्विनचा होमरन उजव्या बाजूला कुठे गेला तेही सांगितलं. ग्रेचं पान नक्की करतोय. केन विल्यम्सचं नाव एका मित्राने सुचवलं, १९२२ मध्ये ३९ होमरन आणि ३७ चोरलेले बेस, एकाच हंगामात दोन्ही तिसाच्या वर नेणारा पहिला खेळाडू. पण तो आजोबांच्या जन्माआधीचा, म्हणून गाळतोय. त्यांनी डोळ्यांनी बघितलेलेच खेळाडू ठेवायचे आहेत.

आता एक प्रश्न उरला. त्या काळातल्या सामन्यांचा इनिंगनिहाय तपशील कुठे मिळेल?

प्रतिसाद १

रेट्रोशीटवर फुकट बघता येतं, तारीख टाकून शोधा. खेळाडूंची चरित्रं साबर या बेसबॉल संशोधकांच्या संस्थेच्या साइटवर आहेत. वर्तमानपत्रातली कात्रणं हवी असतील तर तुमच्या शहराच्या ग्रंथालयात विचारा, पोस्ट-डिस्पॅचचे जुने अंक मिळतील.

अजून एक नाव, बॉब केन. गेडेलला वॉक दिला तो पिचर हाच, तेव्हा डेट्रॉइटकडून खेळत होता. पुढच्या वर्षी ब्राउन्सकडे आला आणि २३ एप्रिल १९५२ ला बॉब फेलरविरुद्ध १-० ने जिंकला. दोघांनीही फक्त एकेक हिट दिली होती. १९६१ मध्ये गेडेल वारला तेव्हा अंत्यविधीला बेसबॉलमधून गेलेला एकमेव माणूस म्हणजे केन. आजोबांना चालेल असं वाटतं.

धागाकर्ता

केनचं पान करतोच. रॉय सीव्हर्सचं राहिलंय: इथलाच, ब्यूमाँट हायस्कूलचा मुलगा, १९४९ चा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित. मजकूर इंग्रजीत हवा, पानभर, वाचायला सोपा. कोणी लिहून देऊ शकेल का? येत्या शनिवारपर्यंत मिळालं तर छपाईला देता येईल.