मदत हवी: गावची नाचणी-भाजी गावच्याच शाळेत कशी घालायची? (खानापूर तालुका, जि. बेळगाव, कर्नाटक)

नमस्कार मंडळी, मी खानापूरच्या जंगलाकडच्या भागातला. प्रश्न जरा लांबडा आहे, वाचा की.

आमच्याकडं पूर्वी माळावर नाचणी, वरी, सावा आणि खाचरात भात असायचं. आता पाण्याची सोय झाली तिथं ऊस आला, कारण कारखान्याचे पैसे उशिरा का होईना खात्यावर पडतात, आणि माळ तर पडच आहे, रात्री गवे-डुकरं राखायला बसणार कोण, पोरं सगळी गोव्याला नाहीतर बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यांत. नाचणी झोडपायचं काम बायकांच्याच अंगावर, त्यांनी नको म्हटलं तर त्यांचं काय चुकलं? त्यामुळे शेती असलेल्या घरातपण आता रेशनचा तांदूळ आणि बाजारची भाजी.

आणि गंमत बघा, 2024 पासून सरकारी शाळांत दुधातून रागी माल्ट देतात, म्हणजे आमची पोरं नाचणी पितात ती पुडीतली, आणि शाळेमागचा माळ मोकळा!

तर स्त्रीशक्ती संघातल्या (बचत गटातल्या) बायका, आम्ही काही जण आणि अजून जुनं बी राखून असलेली दोन-चार म्हातारी माणसं मिळून ठरवलंय की गावचा माल आधी शाळा-अंगणवाडीला, उरेल तो बेळगावात. पण एका ऑफिसात सांगितलं आधी एफपीओ (शेतकरी उत्पादक संघटना) काढा, 300 शेतकरी आणा, मग या. वाडी एवढीशी, 300 कुठनं आणू? आणि जुनं बी एकमेकांत वाटलं, थोडं विकलं तर लायसन लागतं काय? (अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतलेत, तो भाषेचा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर घाला.)

निपाणीकर: दादा, 300 ची अट केंद्राच्या एफपीओ योजनेतलं अनुदान पाहिजे असेल तर. नुसती उत्पादक कंपनी 10 शेतकऱ्यांवरपण होते, पण माझं ऐकाल तर आत्ता तीपण नको, ऑडिट आणि रिटर्न भरतानाच जीव जाईल. संघाच्या नावावर सुरू करा. शाळेचं म्हणाल तर अक्षर दासोहचं (शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं) धान्य एफसीआयकडनं (केंद्राच्या अन्न महामंडळाकडनं) येतं, तांदूळ बदलायला गावातनं काही होणार नाही, त्यात डोकं घालू नका. पण भाजीपाल्याला शाळेला वेगळे पैसे येतात आणि ती इथंच घेतात, तिथं तुम्हाला वाट आहे. हेडमास्तर आणि एसडीएमसीला (शाळेच्या देखरेख समितीला) भेटा, आठवड्याला कुठली भाजी किती देणार ते लिहून द्या, आणि पावसाळ्यात खंड पडणार असेल तर आधीच सांगा, नाहीतर एकदा चुकलं की परत विचारत नाहीत.

यळ्ळूरची सून: बियाण्याचं मी सांगते. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा, विकायचापण हक्क आहे, फक्त ब्रँडचं लेबल लावून विकायचं नाही. आमच्या शिवारात बासमतीचं बी घरोघरी असंच फिरलंय. बेळगावात सेंद्रिय म्हणून विकायचं असेल तर पीजीएसचा (शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेती तपासून सेंद्रिय दाखला द्यायची पद्धत) गट करा, 5 शेतकरी पुरतात. आणि भाऊ, गावचा माल आधी शाळेला हे ग्रामसभेत नुसतं बोलून येऊ नका हं, ठराव वहीत चढवून पीडीओच्या (पंचायत विकास अधिकाऱ्याच्या) सहीची प्रत घ्या. तोंडी हो म्हणणारे पुढच्या सभेला नसतात.

धागाकर्ता: ताई, दादा, लई उपकार. भाजीचं या आठवड्यातच विचारतो. नाचणीचं मात्र अडलंच आहे, मळणीचं मशीन असेल तरच बायका तयार आहेत. होबळीच्या (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या) कृषी यंत्रधारे केंद्रात भाड्यानं मशीनं मिळतात तिथं नाचणीला चालणारं कोणी बघितलंय का? भाताच्या मशीनला जाळी बदलून चालतं असं एक जण म्हणाला, खरं काय ते वापरलेल्यांनीच सांगा.