सनद मिळाली, आता लगेच ऑफिस?
वकिलीची सनद मिळाली, आता पुढं काय करू असं तू विचारलंस, त्यावर लगेच स्वतःचं ऑफिस थाट असं एकानं लिहिलंय, मला नाही पटत बघ. दोन-तीन वर्षं सिव्हिल म्हणजे दिवाणी दावे बघणाऱ्या सीनियर वकिलाकडं बस, पैसे पेट्रोलला पुरले तरी मिळवलं. एआयबीई, म्हणजे बार कौन्सिलची वकिलांची परीक्षा, दोन वर्षांच्या आत काढ. आणि बेळगावात प्रॅक्टिस म्हणजे कन्नड लिहायला-वाचायला आलंच पाहिजे की, मी पहिल्या वर्षी ऑर्डरशीट (कोर्टाच्या तारखांच्या आदेशांची नोंद) क्लार्ककडनं वाचून घ्यायचो, लाज वाटायची. पण आपला फायदा पण आहे, १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता त्यामुळं वाटणीच्या दाव्यात जुनी खरेदीखतं, फेरफार (जमिनीच्या मालकीतल्या बदलाच्या नोंदी) मराठीत नाहीतर मोडीत निघतात आणि ती वाचणारा वकील शोधत पक्षकार येतात. मोडी शीकच. अपिलाला कर्नाटक हायकोर्टाचं धारवाड बेंच जवळ, सीनियरची बॅग धरून जात जा.